संयुक्त महाराष्ट्र फक्त रस्त्यावर मिळाला काय?

संयुक्त महाराष्ट्र रस्त्यावर मिळाला, सभागृहात नाही, हे वाक्य उंब्रज-कराड पट्ट्यात कुणी वाद घालण्यासाठी म्हणत नाही. ते गृहीत धरूनच पुढचे बोलणे सुरू होते. महामार्गाकडेच्या टपरीवर सीमाप्रश्नाचा विषय निघाला, बेळगावकडे निघालेली एसटी थांबवल्याची बातमी आली, की कुणीतरी जाणता माणूस हे वाक्य टाकतो आणि लगोलग पुढचे जोडतो, "विधानसभेत ठराव करून काय हुतंय? तिथं नुसती बडबड." एक मेच्या भाषणांतही हेच सांगितले जाते, फक्त भाषा इस्त्रीची असते. शिकलेल्या मंडळींनी याला सिद्धान्ताचे रूप दिले आहे. राज्यांच्या सीमा, संघराज्याची रचना, राज्याराज्यांतले करारमदार हे सगळे दिल्लीत ठरते. दिल्लीला हलवायचे तर रस्त्याने हलवायचे. मधल्या सभागृहाने त्यावर खल करणे म्हणजे कामकाजाचे तास भरणे.

हे मत मला मान्य नाही. पण ते पोरकट नाही, म्हणून आधी ते पुऱ्या ताकदीने मांडले पाहिजे. पूर्वपक्ष लुळा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नसतो.

पूर्वपक्षाचा पहिला आधार खुद्द राज्यघटना आहे. नवे राज्य करणे, असलेल्याचे तुकडे पाडणे, सीमा फिरवणे, नाव बदलणे हा सगळा अधिकार तिसऱ्या कलमाने संसदेला दिला. संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे विधेयक पाठवायचे ते फक्त मत कळवण्यापुरते. मत प्रतिकूल आले तरी संसदेचे काही अडत नाही. एवढ्यावरही भागले नाही. राज्य पुनर्रचनेचा घोळ ऐन भरात असताना, 1955च्या डिसेंबरात पाचवी घटनादुरुस्ती झाली आणि हे मत किती दिवसांत कळवायचे याची मुदत ठरवण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. मुदत टळली तर मत आले नाही तरी चालते.

दुसरा आधार संख्याबळाचा. 1957च्या निवडणुकीत द्विभाषिक मुंबई राज्याच्या 396 जागांपैकी 234 काँग्रेसला मिळाल्या. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली, तरी गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर सरकार काँग्रेसचेच झाले. म्हणजे द्विभाषिक मोडायचे की ठेवायचे हा प्रश्न सभागृहात मताला टाकला असता तर समिती हरली असती. मग राज्य मिळाले कशाने? पूर्वपक्षाचे उत्तर तयार असते. फ्लोरा फाउंटनला सांडलेल्या रक्ताने, 106 हुतात्म्यांनी, आणि 30 नोव्हेंबर 1957ला प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण करायला आलेल्या पंडित नेहरूंना वाई आणि पसरणी घाटात दिसलेल्या काळ्या निशाणांनी. आपल्या सातारा जिल्ह्यातली ही घटना. आजही ती सांगताना म्हातारी माणसे ताठ बसतात.

तिसरा आधार नंतरच्या इतिहासाचा. उत्तर प्रदेश विधानसभेने 21 नोव्हेंबर 2011ला राज्याचे चार भाग करण्याचा ठराव केला. एकही भाग झाला नाही. आंध्र प्रदेश विधानसभेने 30 जानेवारी 2014ला तेलंगण विधेयक फेटाळले. पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले. 2019 साली जम्मू-काश्मीरची पुनर्रचना झाली तेव्हा तिथली विधानसभा आधीच बरखास्त झालेली होती. राष्ट्रपती राजवट असल्याने राज्याच्या सभागृहाचे मतही संसदेनेच देऊन टाकले. एका सभागृहाने हो म्हटले तर झाले नाही, दुसऱ्याने नाही म्हटले तर झाले, तिसऱ्याला विचारायलाच कुणी उरले नव्हते. असे असताना चर्चेला किंमत आहे असे म्हणायचे धाडस कोण करील?

ते धाडस मी करतो, आणि सुरुवात फ्लोरा फाउंटनपासूनच करतो, कारण पूर्वपक्षाचा सगळ्यात पवित्र पुरावा तोच आहे.

21 नोव्हेंबर 1955चा मोर्चा निघाला होता कुठे? तो मंत्रालयावर नव्हता आणि राजभवनावरही नव्हता. तो विधानसभेवर निघाला होता. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने 30 सप्टेंबरला अहवाल दिला होता. त्यात विदर्भ वेगळा आणि उरलेल्या मराठी मुलखाचे गुजरातीसह द्विभाषिक, अशी शिफारस होती. त्यावर काँग्रेस श्रेष्ठींनी तीन राज्यांचा तोडगा काढला: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई शहर वेगळे. हे सगळे त्या दिवसांत मुंबई विधानसभेत चर्चेला होते. कामगार संप करून निघाले ते त्या चर्चेच्या दारात जाऊन उभे राहण्यासाठी. त्या दिवशी गोळीबारात 15 माणसे गेली. जे सभागृह निव्वळ बडबडीचे आहे त्याच्या दाराशी पोहोचण्यासाठी माणसे जीव धोक्यात घालत नाहीत, आणि जे सभागृह निरुपयोगी आहे त्याच्या वाटेवर सरकार बंदुका घेऊन उभे राहत नाही. त्या दिवशी सभागृहाचे मोल मोर्चेकऱ्यांनाही कळत होते आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाईंनाही. ते विसरलो ते आपण.

पुढच्याच महिन्यात लोकसभेत काकासाहेब गाडगीळ बोलले. मुंबईचा प्रश्न इथे सुटला नाही तर तो मुंबईच्या रस्त्यावर सुटेल, असा इशारा त्यांनी दिला. हे भाषण रस्तावादी मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात. पण काकासाहेब रस्त्याचे गुणगान करत नव्हते. सभागृहाने कर्तव्य केले नाही तर काय होईल ते सभागृहाला तोंडावर सांगत होते, आणि 1956च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच ते अक्षरशः खरे ठरले. जो रस्ता आपण देव्हाऱ्यात बसवला आहे, तो सभागृह नापास झाल्याचा निकाल होता. एवढे मान्य केले की प्रश्नच बदलतो. सभागृहाची गरज होती की नव्हती हे विचारण्यात अर्थ राहत नाही. त्याला नापास कुणी केले आणि कसे, हे पाहावे लागते.

इथे थोडे थांबून 1956च्या विधेयकाचा प्रवास तपशिलाने पाहण्यासारखा आहे, कारण आपल्या भाषणांत तो कधीच येत नाही. राज्य पुनर्रचनेचे विधेयक राज्यांच्या विधिमंडळांकडे मतासाठी गेले तेव्हा त्यात मुंबईपुरती तीन घटकांची योजना होती: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. 18 एप्रिलला ते लोकसभेत मांडले गेले. संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले, 16 जुलैला समितीचा अहवाल आला. जुलैच्या अखेरीस चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडताना लोकसभेतच त्याची कारणे सांगितली. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळाला पुरते विचारात न घेता जाहीर झाला, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मग ऑगस्टमध्ये चक्रे उलटी फिरली. तीन घटकांची योजना बाजूला पडली, आणि विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ यांच्यासह एकच अवाढव्य द्विभाषिक राज्य करण्याची दुरुस्ती लोकसभेने स्वीकारली. 31 ऑगस्टला कायदा झाला आणि 1 नोव्हेंबरला राज्य अस्तित्वात आले. ज्या विधेयकावर मुंबईच्या आमदारांनी मत दिले ते एक, आणि जे राज्य त्यांच्या वाट्याला आले ते दुसरेच!

हे बाबुलाल पराते या मतदाराला खटकले. ते न्यायालयात गेले. द्विभाषिकाचा प्रस्ताव विधेयकाच्या रूपाने राज्याच्या सभागृहापुढे आलाच नाही, म्हणून तिसऱ्या कलमाची अट पाळली गेली नाही, असा त्यांचा युक्तिवाद. उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 1959ला अपीलही फेटाळले. मूळ विधेयक एकदा पाठवले की पुरे. प्रत्येक दुरुस्तीसाठी ते पुन्हा पाठवायचे म्हटले तर हा खेळ संपायचाच नाही, असा निकालाचा आशय. या निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि ती माझ्या सोयीची नसली तरी सांगायला हवी. द्विभाषिकाची कल्पना सभागृहाला अगदीच अनोळखी नव्हती. आयोगाच्या अहवालावर बोलताना तिची चर्चा झालेलीच होती. हे खरे. पण अहवालातल्या एका शिफारशीवर, तीही विदर्भ वगळून केलेल्या, बोलणे वेगळे आणि तुमचे राज्य असे असेल असे सांगणाऱ्या कलमावर बोलणे वेगळे. अहवालावर माणूस मोकळेपणाने बोलतो. कलमावर बोलताना त्याला आपल्या मतदारसंघाचा हिशेब द्यावा लागतो.

आता निकाल बाजूला ठेवून परिणाम पाहा. सभागृहाला न दाखवता बांधलेले द्विभाषिक 1 नोव्हेंबर 1956ला उभे राहिले आणि 30 एप्रिल 1960च्या मध्यरात्री मोडले. साडेतीन वर्षे. त्या जागी आलेल्या मुंबई पुनर्रचना विधेयकाचा रस्ता वेगळा होता. 1960च्या मार्चमध्ये ते मुंबई विधिमंडळापुढे आले, तिथे त्यावर खल झाला, मग संसदेत गेले आणि 1 मेला दोन राज्ये झाली. त्या मांडणीत मराठी माणसाच्या मनाविरुद्ध जाणाऱ्या गोष्टी कमी नव्हत्या. डांग गेला, उंबरगावकडचा भाग गेला, पश्चिम खानदेशातली गावे गेली, वर गुजरातला नव्या राजधानीसाठी आणि महसुली तुटीसाठी पैसे द्यायचे ठरले. तरीही ही मांडणी साठ वर्षांहून जास्त टिकली. डांगसाठी आज कुणी बस अडवत नाही. एकटे सभागृह हे यामागचे कारण असा माझा दावा नाही. भाषेच्या सीमेला धरून केलेली रचना टिकाऊ असते, हेही आहेच. पण दोन्ही बाजूंच्या निवडून आलेल्या माणसांनी समोरासमोर बसून नुकसान मोजले आणि गिळले, या गोष्टीचा त्या टिकाऊपणात वाटा आहे. बेळगावच्या बाबतीत नेमके हेच झाले नाही. बेळगाव, निपाणी, कारवार 1956च्या त्याच कायद्याने म्हैसूरकडे गेले, आणि ती जखम अजून ओली आहे. पुढे सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगानेही ती भरली नाही.

पूर्वपक्षाचा संख्याबळाचा मुद्दाही नीट तपासला तर उलटा फिरतो. समिती सभागृहात हरली असती, हे कबूल. पण 1957 आधी समितीजवळ काय होते? सभा, मोर्चे, अत्र्यांचा 'मराठा' आणि शाहीर अमर शेखांचा आवाज. दिल्लीच्या दृष्टीने हे सगळे आंदोलन होते, आणि आंदोलन ओसरेपर्यंत थांबता येते. 1957च्या मतदानानंतर थांबण्याची सोय राहिली नाही. एसेम जोशी, आचार्य अत्रे आणि त्यांचे सहकारी समोरच्या बाकांवर येऊन बसले. तिकडे अहमदाबादमधून इंदुलाल याज्ञिक लोकसभेत गेले, म्हणजे द्विभाषिक नको म्हणणारे गुजरातीही सभागृहात पोहोचले. आमच्या कराडला तर सत्तेचा मानकरीच कचाट्यात सापडला. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंना निवडीन, असे 1955च्या अखेरीस फलटणला सांगणारे यशवंतराव चव्हाण द्विभाषिकाचे मुख्यमंत्री होते, आणि मुख्यमंत्री असताना स्वतःच्या घरच्या मतदारसंघात समितीच्या उमेदवारापुढे कसेबसे निवडून आले. प्रतापगडाच्या काळ्या निशाणांनी नेहरूंना काय सांगितले ते सांगितलेच, पण कराडच्या मतपेट्यांनी यशवंतरावांना त्याच्या काही महिने आधीच सांगून ठेवले होते. मोर्चा विरोधी पक्षाचा असतो, त्याला तुच्छ मानता येते. स्वतःच्या मतांतली घट मात्र कुणाही पुढाऱ्याला तुच्छ मानता येत नाही. पुढे दिल्लीला समजावण्याचे काम यशवंतरावांनी केले ते याच जाणिवेने.

आणि क्रांतिसिंह नाना पाटील? ज्या माणसाने 1943 पासून साताऱ्यात ब्रिटिशांना न जुमानता प्रतिसरकार चालवले, गावोगाव न्यायनिवाडे करून दाखवले, त्याच्याहून मोठा रस्त्याचा माणूस या पट्ट्यात दुसरा झाला नाही. तो माणूस 1957 साली साताऱ्यातून लोकसभेवर उभा राहिला, निवडून आला आणि तिथे मराठीतून बोलला. सभागृह बडबडीचे आहे असे नानांना वाटत असते तर त्यांना तिथे जायची गरज नव्हती. प्रतिसरकार उभारता येणाऱ्या माणसाने सरकारच्या सभागृहात जाऊन बोलायचे ठरवले, याचा अर्थ लावायला आपण कचरतो, कारण तो आपल्या लाडक्या गोष्टीत बसत नाही.

बाहेरच्या जगाचा दाखला दिला की लगेच आक्षेप येतो, "तिकडची गोष्ट वेगळी." वेगळी आहे, म्हणूनच उपयोगी आहे. युरोपीय संघाचा मूळ करार बदलायचा तर प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते, आणि बहुतेक देशांत त्यासाठी संसदेत मतदान होते. लिस्बन करार 2007च्या डिसेंबरात सही होऊनही 2009च्या डिसेंबरपर्यंत अमलात आला नाही. आयर्लंडच्या मतदारांनी तो एकदा नाकारला होता, हे कारण सगळ्यांना माहीत असते. जर्मनीतली गोष्ट कमी सांगितली जाते. 30 जून 2009ला तिथल्या घटना न्यायालयाने करार घटनाबाह्य नाही असे म्हटले. पण युरोपचे अधिकार पुढे वाढवताना जर्मन संसदेला पुरेसे बोलता येत नाही, म्हणून सोबतचा देशांतर्गत कायदा नापसंत केला आणि तो दुरुस्त होईपर्यंत मंजुरी रोखून धरली. संसदेने सप्टेंबरमध्ये नवा कायदा करून स्वतःचा वाटा वाढवून घेतला. करार तोच राहिला, बोलण्याचा हक्क वाढला. पराते निकालाच्या शेजारी हा निकाल ठेवून वाचावा.

2016च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या वालोनिया प्रांताच्या विधानसभेने युरोप-कॅनडा व्यापार करारच अडवला. वालोनियाची लोकसंख्या आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडीच जास्त. तेवढ्या प्रांतापुढे सगळा युरोप आणि कॅनडा थांबला, खुलासे जोडले गेले, गुंतवणूकदारांच्या लवादाचा मुद्दा युरोपीय न्यायालयाकडे पाठवायचे ठरले, मग सही झाली. "त्यांना नकाराधिकार होता, आमच्या विधानसभेला कुठे आहे?" बरोबर. म्हणून नकाराधिकार नसलेलीही एक सोय सांगतो. युरोपीय आयोगाचा एखादा प्रस्ताव आपल्या हद्दीत शिरतो असे देशोदेशींच्या सभागृहांना वाटले तर आठ आठवड्यांत हरकत नोंदवता येते. अशा हरकती ठरावीक प्रमाणात जमल्या की आयोगाला प्रस्तावाचा फेरविचार करावा लागतो. मागे घ्यायचे बंधन नसते. ही सोय 2012, 2013 आणि 2016 अशी तीनदा वापरली गेली. पहिल्यांदा, संपाच्या हक्कासंबंधीचा प्रस्ताव आयोगाने मागे घेतला. नंतरच्या दोन्ही वेळा आयोग आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. तीनात एक. फार मोठे यश नाही, पण ज्यांच्या हातात फक्त हरकत आहे त्यांच्यासाठी शून्यही नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हरकत कारणांसह लेखी द्यावी लागते आणि आयोगाला कारणांसह उत्तर द्यावे लागते. नुसते "निषेध असो" म्हणून भागत नाही.

इथेच आंध्र आणि उत्तर प्रदेशची उदाहरणे निकालात निघतात. उत्तर प्रदेशात ठराव झाला तो गोंधळात, काही मिनिटांत, आवाजी मतदानाने. चार राज्ये करताना पाणी कुणाचे, कर्ज कुणाचे, राजधान्या कुठे, यावर चर्चाच झाली नाही. तो ठराव निवडणुकीच्या तोंडावर फोडलेला नारळ होता. आंध्रात सभागृहाला विधेयक मिळाले आणि वेळही मिळाला, पण बराचसा काळ घोषणाबाजीत गेला आणि शेवट झाला पुन्हा आवाजी मतानेच. हैदराबाद, पोलावरम धरण, संस्थांची आणि मालमत्तेची वाटणी यांवर कलमवार पर्याय सुचवण्याची जी एकमेव संधी होती ती हातची गेली. वाटणीचे कज्जे दोन्ही राज्ये नंतर वर्षानुवर्षे लढत बसली. या दोन उदाहरणांवरून सभागृहातली चर्चा निष्फळ असते असे सिद्ध होत नाही. चर्चा न करणारे सभागृह निष्फळ असते, एवढेच होते. जम्मू-काश्मीरच्या उदाहरणावर मला काही उत्तर नाही. तिथे सभागृहच नव्हते, आणि ते नसताना हा अधिकार वापरला गेला, हा कायद्यातला दोष आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली ते वैध ठरवले, म्हणून तो दोष नाहीसा होत नाही.

महाराष्ट्रानेही या बाबतीत फार मिशीला पीळ देऊ नये. 27 डिसेंबर 2022ला नागपूर अधिवेशनात सीमाभागातल्या 865 गावांबद्दलचा ठराव एकमताने मंजूर झाला. पाच दिवस आधी कर्नाटक विधानसभेने नेमका उलटा ठराव, तोही एकमतानेच, केलेला. दोन्हीकडे एकमत! एकमत झाले की सगळे खूश होतात. पण ज्या प्रश्नावर आपल्याच बाजूने पन्नास शंका विचारता येतात, त्यावर एकही वेगळा आवाज उमटला नाही, तर तो विषय कुणी उघडून पाहिलाच नाही असे समजावे. खेडे हा घटक धरायचा की तालुका? 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्यात राज्याचा पर्यायी प्रस्ताव काय? सोलापूर, सांगलीतल्या कन्नड गावांचे काय? आदल्याच दिवशी विधान परिषदेत उद्धव ठाकरे यांनी निकाल लागेपर्यंत वादग्रस्त भाग केंद्रशासित करावा अशी मागणी केली होती. मुंबई केंद्रशासित करण्याविरुद्ध ज्या महाराष्ट्राने रक्त सांडले, त्याच महाराष्ट्राच्या सभागृहात ही मागणी येते, तेव्हा तिच्यावर तासभर तरी कडाक्याचा वाद व्हायला हवा. तो झाला असता तर ठराव कदाचित एकमताने झाला नसता, पण कर्नाटकाला आणि न्यायालयाला वाचण्यासारखे काही मिळाले असते.

मग विधिमंडळाला नकाराधिकार द्यायचा का? खंडन करताना इथपर्यंत सोपे जाते. मंडन करायला लागले की हा प्रश्न उभा राहतो. मला तो नको आहे, आणि कारण आपल्याच इतिहासात आहे. 1957च्या मुंबई विधानसभेला नकाराधिकार असता तर द्विभाषिक टिकवू पाहणाऱ्या बहुमताने महाराष्ट्राला कायमचे डांबून ठेवले असते. घटना समितीला ही अडचण दिसत होती. 1948च्या फेब्रुवारीतल्या मसुद्यात तिसरे कलम वेगळे होते. वेगळे व्हायचे त्या प्रदेशातून निवडून आलेल्या आमदारांच्या बहुमताने मागणी केली, किंवा विधिमंडळाने तसा ठराव केला, तरच केंद्राने विधेयक आणायचे असे त्यात म्हटले होते. नोव्हेंबरमध्ये ही अट काढली गेली. प्रस्तावाचा उगम राज्याच्या सभागृहातच व्हावा ही के. टी. शहांची दुरुस्तीही आंबेडकरांनी स्वीकारली नाही. अल्पसंख्य प्रदेशांना बहुमताच्या दावणीला बांधू नये, ही त्यामागची काळजी रास्त होती. पण ती काळजी घेताना त्या प्रदेशाच्या आमदारांचे वेगळे म्हणणे नोंदवायची जी खिडकी मसुद्यात होती, तीही बंद झाली.

ती उघडण्यापुरतेच माझे म्हणणे आहे. संसदेने विधेयकाचा गाभाच बदलला, तीनाचे एक किंवा एकाचे तीन केले, तर ते त्या राज्याच्या सभागृहाकडे पुन्हा यावे, अगदी पंधरा दिवसांच्या मुदतीने का होईना. राष्ट्रपती राजवट असताना कुठल्याही राज्याची पुनर्रचना करू नये. आणि तिसऱ्या कलमाखालचे मत आवाजी नसावे. प्रत्येक आमदाराचे मत नावानिशी आणि प्रदेशवार नोंदले जावे, म्हणजे सबंध राज्याचे मत काय आणि ज्या भागाचे भवितव्य ठरते आहे त्याचे काय, हे दोन्ही दिल्लीला कळेल. या शेवटच्या गोष्टीसाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. सभागृहाने ठरवले तर आपल्या कामकाजात ती आजही करता येते.

हे म्हणणे मराठी अस्मितेला सोयीचे आहे असे कुणी समजू नये. उद्या वेगळ्या विदर्भाचे विधेयक आले तर हाच नियम आपल्यावर चालेल. पश्चिम महाराष्ट्राचे बहुमत "नाही" म्हणेल आणि विदर्भातले आमदार, कदाचित, "हो" म्हणतील, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जातील. 1953च्या नागपूर कराराने विदर्भाला काय कबूल केले होते आणि त्यातले किती पाळले, याचा हिशेब त्या दिवशी सभागृहात वाचून दाखवावा लागेल, आणि त्या करारावर सही करणाऱ्यांत कराडचे यशवंतराव होते, हेही. कराड उत्तरच्या आमदाराने त्या मतदानात हात कुणाच्या बाजूने वर केला आणि कोणते कारण दिले, हे उंब्रजच्या टपरीवर दुसऱ्या दिवशी नावानिशी वाचता आले पाहिजे.